खोकं चार बोलतंय

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. त्या दिवशी नऊ तास दिलं नाहीत, नंतर चौदा वर्षं दिलं नाहीत, आणि वर तोंड करून नोंदवहीत लिहिलंत, 'शांतता होती'. तुमच्या सैनिक विभागाच्या इमारतीला सात मजले आहेत, प्रत्येक मजल्यावर गार पाण्याचं यंत्र आहे, खुर्च्यांना चाकं आहेत. पण एका माणसाच्या एका प्रश्नाला हो किंवा नाही म्हणायला तुमच्यात कुणाला जीभ नाही. तेव्हा आता नीट ऐका. त्या मंगळवारी दुपारी तो माणूस तुमच्याच फोनवर ताटकळत होता, आणि तुमच्या फोनवर त्याचंच गाणं वाजत होतं.

त्याला सगळे बिनतारी म्हणतात. फौजेत तो बिनतारी संदेश पाठवायचा, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तो लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टच्या टपावर उभा राहील, खड्ड्यात उतरेल, कॅबिनच्या आत मात्र पाय ठेवणार नाही. नऊ मजले जिन्यानं चढतो. कंपनीतले विचारतात, "काय रे, तुझ्या हातच्या कामावर तुझाच भरवसा नाही का?" तो म्हणतो, "माझा कामावर आहे. दारावर नाही."

त्या मंगळवारी तो नऊ मजली इमारतीच्या गच्चीखालच्या मशीनरूममध्ये होता. खोली एवढीशी. मोटर, चाक, दोर, भिंतीवर वीजपेटी, आणि कॅबिनमधल्या माणसाशी बोलायचा इंटरकॉम. दार आपसूक बंद होणारं, म्हणून त्यात वीट सरकवलेली. फोनची बॅटरी चार टक्क्यांवर आलेली. चार्जरची वायर हातभर, त्यामुळे भिंतीला पाठ लावून, मान वाकडी करून उभं राहायचं. खुंटीला बांधल्यासारखा तो उभा होता, आणि पाचच्या आत तुमच्यापैकी एका जिवंत माणसाशी बोलायचं होतं.

कारण पाच वाजता यादी बंद होणार होती. तुम्ही भिंत बांधताय ना? काळ्या दगडाची, लढाईत गेलेल्यांच्या नावांची. त्या यादीत धाकटा नव्हता, बिनतारीच्या गाडीत तोफेवर बसणारा पोरगा. हरकत असेल तर प्रत्यक्ष साक्षीदारानं फोनवरूनच नोंदवावी आणि हरकत क्रमांक घ्यावा, असं तुमचं पत्र. पत्राला पत्रानं उत्तर चालणार नाही, दारात आलं तर पहारेकरी फोन नंबरचा कागद हातात देतो. दुपारपर्यंत बिनतारीनं एकोणीस वेळा फोन लावला. एकोणीस वेळा तिसऱ्या मिनिटानंतर कट.

जेवणाच्या सुट्टीत धाकट्याच्या बहिणीचा फोन आला. ती शाळांचे गणवेश शिवते, बोलताना मशीन थांबवत नाही.

"मिळाला का रे हरकतीचा नंबर?"

"नाही ताई. परत कापला."

"तुझ्या त्या गाणाऱ्या भोंग्यालाही लावायला सांग."

"त्याचाही तसाच जातोय. तो म्हणतो, आपला आवाज ओळखतात आणि कापतात."

मशीन थांबली. "हे बघ. भिंतीवर नाव आलं म्हणून तो घरी येणार नाही, एवढं मला कळतं, मी येडी नाहीये. पण स्वतःच्या चुकीनं मेला, हे मी दुसऱ्यांदा कुणाच्या तोंडून ऐकून घेणार नाही. तू होतास ना तिथे?"

"होतो, ताई."

"मग बोल की! चौदा वर्षं नुसते ढोल बडवतोयस."

मशीन पुन्हा सुरू झाली.

तो तिथे होता. त्या चिलखती गाडीला ते खोकं म्हणत. खोकं चार. आत चौघं. गाडी चालवणारा भोंगा, गाडीचा प्रमुख, तोफेवर धाकटा, आणि रेडिओवर बिनतारी. सुरुंगावर चाक गेलं, इंजिन मेलं, प्रमुखाच्या हाताची दोन बोटं गेली आणि तेव्हापासून तो तीनबोट्या झाला. बाहेर गोळीबार कुणाचा, आपला की त्यांचा, काही कळेना. हुकूम असा की विचारल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. तर त्यांनी विचारलं. दर दहा मिनिटांनी, नियमाप्रमाणे. खोकं चार बोलतंय. झाकण उघडू का? बोलताना बटण दाबायचं आणि ऐकताना सोडायचं. सेटचा हिरवा दिवा लागत होता, म्हणजे आवाज जात होता आणि तिकडे तुमच्या सेटवर लाल दिवा लागत होता. नऊ तासांत चोपन्न वेळा. लोखंड तापून हात लावायची सोय नव्हती, पाणी पहिल्या तीन तासांत संपलं, धाकट्याला श्वास घेता येईना. शेवटी तो म्हणाला, "मी विचारत नाही आता," आणि झाकण ढकललं. वर गेला तेव्हा जिवंत होता. तुम्ही लिहिलंत, 'आदेशाविना झाकण उघडले. स्वतःची चूक.'

परत आल्यावर तिघांना एकमेकांशी धड बोलता येईना. मग तीनबोट्याच्या टायरच्या दुकानात त्यांनी वाद्यं आणली. तीनबोट्याकडे गिटार, उरलेल्या बोटांत बसेल तेवढीच वाजवायची. भोंगा गाणार, कारण त्याला हळू बोलताच येत नाही. बिनतारीकडे ड्रम. शटर खाली ओढून वाजवा, अशी शेजाऱ्यांची कटकट, आणि शटर खाली ओढलं की तिघांचाही जीव जायचा. त्यामुळे अख्ख्या गल्लीच्या डोक्याला ताप. त्या टायरांच्या वासात त्यांनी ते गाणं बांधलं.

*खोकं चार बोलतंय, कुणी आहे का तिकडे?*
*झाकण उघडू का, साहेब, की मरू असंच इकडे?*

भोंगा दुसऱ्यांदा 'कुणी आहे का' म्हणतो आणि सगळं थांबतं. ड्रम नाही, तार नाही. सत्तावीस सेकंद काहीच नाही. दर तासाचे तीन सेकंद. ती जागा उत्तराची. ती भरायची नाही, खोकायचं नाही, काठी वाजवायची नाही, असं तिघांनी ठरवलं आणि कधी मोडलं नाही. त्या सत्तावीस सेकंदांत ऐकणाऱ्यांना घाम फुटायचा. त्यावरच गाणं गाजलं.

गाजलं तसे तुम्ही आलात. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, तोंडात साखर. "आपल्या जवानांचं गाणं, आपल्या जवानांसाठी." त्यांना वाटलं समारंभात वाजेल. कागदावर लिहिलं होतं 'विभागाच्या सर्व ध्वनिमाध्यमांवर', आणि ते वाचून भोंग्याची छाती चार बोटं वर आली. त्यांची अट एकच. मधली शांतता कापायची नाही आणि भरायचीही नाही. इस्त्रीवाला म्हणाला, "एका सेकंदाला हात लावणार नाही."

चौदा वर्षांत तुम्ही पाळलेला हा एकच शब्द. पाळलात आणि ते गाणं फोनवर ताटकळणाऱ्यांच्या कानात ओतायला बसवलंत.

चार वाजून एकतीस मिनिटांनी बिनतारीनं विसाव्यांदा फोन लावला. "आपण रांगेत सहावे आहात," यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली आणि त्याचेच ड्रम सुरू झाले. तो फोन कानाला लावून म्यूटचं बटण दाबणार, तेवढ्यात कॅबिनची घंटा वाजली. कुणीतरी अडकलं होतं.

त्याच्या धंद्यात एक रीत आहे. आधी अडकलेल्याशी बोलायचं, मग बिघाड शोधायचा. हे त्याला कुठल्या वस्तादानं शिकवलेलं नाही, त्यानं स्वतःच स्वतःला घालून घेतलंय, आणि घंटा वाजल्यापासून दहा सेकंदांच्या आत तो बोलतोच. त्या घाईत म्यूट दाबायचं राहून गेलं. फोन स्पीकरवर टाकून खिळ्यावरच्या पिशवीत ठेवला आणि इंटरकॉम दाबला.

"ऐकतोय. बोला. घाबरू नका."

"घाबरेन कशाला? चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय. कुठे अडकलेय ते सांगा आधी."

"चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये, बाई. एकट्याच आहात?"

"एकटीच. आणि डॉक्टरनं डोळ्यात थेंब घातलेत, तसंही दिसत नाहीये. आत दिवा आहे की नाही तेही तुम्हीच सांगा."

"आहे."

"छान. मागे हे काय लावलंय? कुणीतरी डबे बडवतंय."

"मी बडवतोय, बाई."

"आत्ता?"

"नाही, रेकॉर्डवर. फोनवर आहे मी. माझंच गाणं लावून मलाच ताटकळत ठेवलंय."

"अगंबाई! तुमच्याच लग्नात तुम्हाला शेवटच्या पंगतीत बसवल्यासारखं झालं हे."

तो हसला. चौदा वर्षांत त्या गाण्यावर कुणी हसलं नव्हतं. हसता हसता त्याच्या लक्षात आलं की भोंगा पुन्हा गातोय. दुसऱ्यांदाचं 'कुणी आहे का' होऊन गेलं होतं, ते सत्तावीस सेकंद होऊन गेले होते, आणि फोन चालू होता. "आपण रांगेत पाचवे आहात."

डोक्यात फट्कन दिवा लागला, आणि लागला तो लाल. एकोणीस वेळा फोन कुठे कापला गेला? त्या शांततेत. दरवेळी तिथेच. गाणं थांबतं, आणि इकडे हा म्यूट दाबून बसलेला, कारण ऐकताना बटण सोडायचं हे फौजेत हाडात मुरलेलं. त्याचं मुरलंय, भोंग्याचं मुरलंय, फोन लावणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाचं मुरलंय. दोन्हीकडे चिडीचूप. वीस-बावीस सेकंद लाइनवर कुणीच बोललं नाही की यंत्र समजतं, माणूस निघून गेला. कापतं. धाकट्यासाठी जपलेली शांतता तुमच्या फोनला गळफासासारखी लागली होती, आणि गाठ त्यानंच मारली होती. अट घालून, सही करून.

"लिफ्टवाले, गेलात की काय?"

"आहे, बाई." त्यानं अंगठ्यानं कपाळ पुसलं. "ऐका. तुम्हाला बाहेर काढायचं तर मला मेन स्विच बंद करावा लागतो आणि हातानं चाक फिरवावं लागतं. दहा मिनिटांचं काम. पण चार्जर त्याच स्विचवर आहे, फोन पाच टक्क्यांवर आहे, आणि पाचला..." तो अडखळला. कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यानं चार वाक्यांत सांगितलं. खोकं. नऊ तास. धाकटा. भिंत.



"बसायला जागा आहे खाली. पिशवीवर बसते मी," बाई म्हणाल्या. "तुमचं होऊ द्या."

"बाई, अडकलेल्या माणसाला मी थांबवत नाही."

"तुम्ही कुठे थांबवताय? मी थांबतेय. फक्त बोलत राहा. गप्प झालात की घंटा बडवीन, सांगून ठेवते."

त्यानं त्या इमारतीच्या पहारेकऱ्याला जिन्यातून हाक मारून पाचव्या मजल्यावर किल्ली घेऊन उभं राहायला सांगितलं आणि पुन्हा भिंतीला पाठ लावली. गाणं दुसऱ्या फेरीला लागलं होतं. ती जागा जवळ येत होती, आणि आता जाणूनबुजून बोलायचं होतं. पहिल्या वेळी चुकून झालं होतं. भोंगा ओरडला, कुणी आहे का, आणि सगळं थांबलं. पाच सेकंद. आठ. त्याला लोखंडाचा वास आला. धाकट्याचा गुडघा त्याच्या बरगडीला लागत होता, नऊ तास लागत होता तसा. बारा. तोंड उघडेना. या जागेत बोलणं म्हणजे धाकट्याच्या तोंडावर झाकण परत लावण्यासारखं. सोळा.

"ऐकताय का?" इंटरकॉममधून आवाज आला.

"ऐकतोय," तो म्हणाला. आवाज कसाबसा फुटला. "ऐकतोय, बाई. ऐकतोय."

ड्रम सुरू झाले. रांगेत तिसरा.

पुढच्या दोन फेऱ्यांना तो स्वतः बोलला. दुसरं काही सुचेना, म्हणून चौदा वर्षांपूर्वीचंच बोलला. खोकं चार बोलतंय. झाकण उघडू का? तेच, त्याच चालीत, आणि बटण न सोडता पुन्हा तेच. एकदा पहारेकऱ्यानं पाचव्या मजल्यावरून विचारलं, "साहेब, वर कुणाशी भांडताय?" बाई खालून म्हणाल्या, "भांडू दे रे त्यांना."

चार त्रेपन्नला गाणं मध्येच तुटलं आणि एक मुलगी बोलली. खरी, श्वास घेणारी.

"नमस्कार सर, विषय काय?"

त्यानं सांगितलं. तिनं कळा बडवल्या. "सर, त्या दिवशीची नोंद आहे माझ्यासमोर. सकाळी सातपासून चारपर्यंत खोकं चारकडून एकही संदेश नाही. 'शांतता' असं लिहिलंय."

"मी चोपन्न वेळा बोललो."

"नोंद नाहीये ना, सर."

"नोंद कुणी केली?"

"ते नाही दिसत इथे."

"शांतता आमच्याकडे नव्हती, पोरी. तुमच्याकडे होती. तुमच्या बाजूला सेटसमोर कुणी बसलंच नव्हतं, किंवा बसून जेवत होतं, किंवा ऐकून गप्प बसलं. तिन्हींतलं काय ते मला माहीत नाही. तेच विचारतोय."

मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, "सर, एक विचारू? तुम्ही इतका वेळ लाइनवर राहिलात कसे? आमच्याकडे फोन येतच नाहीत. सगळे आपणहून ठेवतात. यंत्र 'तक्रारदार समाधानी' असं टाकतं. आमच्या विभागाला गेल्या वर्षी ढाल मिळाली, एकही तक्रार शिल्लक नाही म्हणून."

बिनतारीनं डोळे मिटले. ढाल. त्यांच्या शांततेची ढाल.

"ते आपणहून ठेवत नाहीत," तो म्हणाला, आणि का ते तिला सांगितलं. घड्याळात चार अठ्ठावन्न. खाली बाई खाकरल्या, आहे म्हणून सांगायला.

"माझी हरकत घेतेस की नाही?"

कळांचा आवाज आला, भराभर. "घेतली. मजकूर काय लिहू? एकच ओळ बसते."

"लिही. झाकण उघडू का, हो की नाही."

"सर, हे तर..."

"एवढंच लिही. याचं उत्तर मिळालं की चूक कुणाची ते आपोआप कळेल."

"लिहिलं. हरकत क्रमांक एक."

"एक, पुढे?"

"पुढे काही नाही, सर. एकच. पहिलीच हरकत आहे." तिनं पटकन पुढे सांगितलं. "यादी आता बंद होणार नाही, उत्तर येईपर्यंत उघडीच राहील. पण उत्तर साहेबांनीच द्यायचं. मी लाइन त्यांच्याकडे देते. ठेवू नका. आणि... मधे बोलत राहा."

ड्रम सुरू झाले. पाच वाजले.

बिनतारीनं चार्जर काढला. सहा टक्के. फोन सदऱ्याच्या खिशात घातला, तोंड वर करून. "बाई, दिवा जाईल आता. मी आहे." त्यानं मेन स्विच खाली ओढला. मशीनरूमचा पंखा थांबला. इंटरकॉम तेवढा आपल्या बॅटरीवर जिवंत राहिला. डाव्या हातानं ब्रेकचा दांडा दाबून धरायचा आणि उजव्यानं चाक फिरवायचं, इंच इंच, दोरावरच्या पिवळ्या खुणेकडे बघत. एकट्यानं करायचं काम नाही ते. घाम भुवयांतून डोळ्यांत उतरत होता, पुसायला हात मोकळा नव्हता. खिशात भोंगा ओरडला, कुणी आहे का. सगळं थांबलं.

"खोकं चार बोलतंय," बिनतारी चाक फिरवत म्हणाला. "झाकण उघडू का? खोकं चार बोलतंय."

"ऐकतेय," बाई खालून म्हणाल्या.

खूण खुणेला भिडली. पाचव्या मजल्यावर किल्ली फिरली, दार घासत उघडल्याचा आवाज नऊ मजल्यांच्या पोकळीतून वर आला, आणि पहारेकऱ्याचं "सावकाश, आजी, सावकाश" ऐकू आलं. मग बाईंचा आवाज, इंटरकॉममधून नाही, पोकळीतूनच, वर तोंड करून ओरडलेला.

"आलं का हो उत्तर?"

"नाही!"

"मग सोडू नका!"

त्यानं सोडलं नाही. बाहेर आलेली ती एकटीच. तो, भोंगा, तीनबोट्या, शिलाई मशीनवरची ताई, आणि काळ्या दगडात ज्याला तुम्ही अजून जागा दिलेली नाही तो, सगळे आतच आहेत. त्याचं गाणं तुमच्या फोनवर वाजतंय आणि साहेबांच्या टेबलावर लाल दिवा लागलाय. तो दिवा लागतो हे आम्हाला माहीत आहे. त्याही दिवशी लागला होता.

हरकत क्रमांक एक तुमच्यासमोर आहे. एकच ओळ आहे, वाचायला सेकंद पुरतो. त्या दिवशी सात ते चार सेटसमोर कोण बसलं होतं, त्याचं नाव सांगा. आणि सांगा, त्या पोरानं झाकण उघडायचं होतं की नव्हतं?

हो की नाही? बोला.